डाळिंबाच्या बुडात ओल आहे, तरी झाडं माना का टाकतात?

प्रश्न: मंगळवेढा तालुका, भारी काळी जमीन. पावसानंतर डाळिंबाच्या बुडात पाणी साचलं होतं. माती अजून ओली आहे, तरी दुपारी झाडं माना टाकतात. शून्य-शून्य-पन्नास (पालाशाचं म्हणजे पोटॅशियमचं खत) ड्रिपमधून सोडू का?

उत्तर: आत्ता खत सोडू नका. झाडाला अन्न कमी पडलेलं नाही, मुळांना हवा कमी पडली आहे.

मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. पाणी त्यातून फार हळू झिरपतं; पालाश आणि नायट्रेटचे भारित कण तर जवळपास शिरतच नाहीत. त्यांना आत घेतात ती आवरणात बसलेली प्रथिनं. पाण्यासाठी अ‍ॅक्वापोरिन असतं. त्याची एकच बारीक वाट सेकंदाला सुमारे 3 अब्ज रेणू सोडते. शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला तो याच शोधासाठी.

पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते. प्राणवायूविना पेशीत आम्लता वाढते आणि अ‍ॅक्वापोरिनच्या वाटा मिटतात. वर पानं उन्हात पाणी सोडतच राहतात, खालून भरपाई होत नाही. दुपारी झाड सुकतं ते यामुळे.

पालाशाला ऊर्जाही लागते. पेशीतला प्रोटॉन पंप हायड्रोजनचे कण बाहेर ढकलतो. त्या जोरावर पालाश आणि नायट्रेट आत येतात. हवा असली तर ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे पंप चालवणाऱ्या इंधनाचे, सुमारे 30 रेणू मिळतात, नसली तर फक्त 2. वीज गेल्यावर बोअरची मोटार थांबावी, तसं होतं. अशा वेळी दिलेलं खत मुळाशी पडून राहतं आणि क्षार वाढवतं. बोअरचं पाणी मचूळ असेल तर नुकसान दुप्पट.

आधी ओळींमधून चर काढून पाणी बाहेर काढा, ड्रिप बंद ठेवा. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहा. गोळा होऊन बोटाने सहज फुटला तर वाफसा आला, म्हणजे मातीत ओलीबरोबर हवाही परतली. चिकटून राहिला तर अजून थांबा. वाफसा आल्यावर बुडाची माती वरवर मोकळी करा, मुळं तोडू नका. नवी पांढरी मुळी दिसली की खत थोडं थोडं, विभागून सुरू करा.

वाफशानंतरही एखादं झाड सावरलं नाही, पानं पिवळी पडली, तर बुंध्याजवळची फांदी उभी चिरून पाहा. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर मर रोगाची शंका घ्या आणि नमुना सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात तपासून घ्या. त्या झाडाचं आळं लगेच वेगळं करा, त्याचं पाणी शेजारच्या झाडाकडे जाऊ देऊ नका.