माप १६, छाती ३४, आणि कागदावर नुसती भोकं

प्रश्न थोडक्यात असा: १९५० च्या सुमाराचा अमेरिकन ड्रेस पॅटर्न (कापड बेतायचे कागदी तुकडे), माप १६, छाती ३४, कंबर २८. कागदावर छपाई नाही, फक्त भोकं. तुमची छाती ३७, काखेतून वरच्या बाजूने घेतलेलं माप ३३, कंबर ३०. बाजूच्या शिवणीत तीन इंच वाढवून थेट कापायचं का?

नको. बाजूला वाढवलेलं कापड काखेखाली जमतं आणि छातीवर ओढ तशीच राहते. शिवाय मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) मोठा झाला की बाही बसत नाही.

आधी त्या १६ चं. १९५६ च्या आसपासपर्यंत छाती ३४ म्हणजे १६ होतं, मग त्यालाच १४ म्हणू लागले आणि १९६८ पासून १२. आकडा विसरा, इंच बघा. तुमचं वरचं माप ३३ आहे, म्हणजे खांदे, गळा आणि मुंढा या पॅटर्नचेच बऱ्यापैकी बसतील. कमी पडतंय ते पुढच्या भागात, तेव्हा वाढवायचंही तिथेच.

मूळ कागदाला कात्री लावू नका. कोरड्या, कोमट इस्त्रीने सपाट करा (वाफ लागली की तो आकसतो) आणि ब्राऊन पेपरवर उतरवून घ्या, भोकं आणि खाचांसकट. साधारणपणे ओळीतली मोठी भोकं उभा धागा (कापडाच्या लांबीची दिशा) दाखवतात, कडेलगतची तीन भोकं घडीची जागा आणि बारीक भोकं टक्स (आकारासाठी चिमटून शिवलेली टोकदार चूण). पण हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून सोबतचं पत्रक आधी वाचा. शिवणीसाठी किती जागा सोडली आहे तेही त्यातच असतं. सगळीकडे सरसकट ५/८ इंच धरून चालू नका. त्या काळच्या कित्येक पॅटर्नमध्ये अर्धा इंच असतो आणि बाजूला पाऊण.

आता छाती. तीन इंच हवेत, म्हणजे पुढच्या अर्ध्या भागात दीड इंच. कागद अंगाला लावून तुमचा छातीबिंदू खूण करा. तो पॅटर्नवरच्या बिंदूच्या खाली येण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हाच्या ब्रा छाती उंच आणि टोकदार धरायच्या. या बिंदूपासून कमरेच्या टक्सच्या मधून, पुढच्या मध्यरेषेला समांतर, खालपर्यंत कापा. वर त्याच बिंदूपासून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे तिरकं कापत जा, पण शिवणरेषेवर कागद जेमतेम जोडलेला राहू द्या. तिसरा काप बाजूच्या शिवणीपासून बिंदूच्या अगदी जवळपर्यंत. मग उभा काप दीड इंच उघडा, दोन्ही कडा समांतर ठेवून. बाजूचा काप आपोआप उघडतो, तोच बाजूचा टक्स. मध्याकडचा तुकडा आता खाली आखूड पडेल. तो आडवा कापून तेवढाच खाली सरकवा, नाहीतर कंबर पुढून वर चढते. टक्सची टोकं बिंदूच्या एक ते सव्वा इंच अलीकडेच थांबवा.

यात कमरेलाही अर्ध्या भागात दीड इंच वाढला, तुम्हाला हवा फक्त एक. उरलेला अर्धा इंच कमरेच्या टक्समध्ये घ्या. स्कर्टच्या पुढच्या अर्ध्या भागालाही तोच एक इंच द्या, तरच बाजूच्या शिवणी एका रेषेत येतील. स्कर्ट कळ्यांचा असेल तर तो इंच कळ्यांच्या शिवणींत वाटून टाका.

यानंतर चाचणीसाठी मांजरपाट (साधं कोरं सुती कापड), धुऊन इस्त्री केलेला. लांब टाक्याने फक्त वरचा भाग शिवा आणि ड्रेसखाली जी ब्रा घालणार आहात ती घालूनच बघा. गळा पुढे उघडा पडत असेल तर कागदावर गळ्याच्या कडेला चिमटा घेऊन तेवढा भाग मिटवा. गळा आणखी कोरू नका. मुंढा काचतोय असं वाटलं तर नुसता खाली खोल करण्याचा मोह आवरा. मुंढा खाली गेला की हात वर करताना अख्खा ड्रेस उचलला जातो. जुन्या पॅटर्नचा उंच मुंढा ही त्यांची चांगली बाजू आहे. काचत असेलच तर आधी पुढच्या बाजूने पाव इंच कोरून बघा.

कापडाचा हिशोब पत्रकात ३५ किंवा ३९ इंची पन्ह्यावर (कापडाच्या रुंदीवर) असतो, तोही यार्डात. साडेचार यार्ड म्हणजे साधारण ४.१ मीटर. ४४ इंची पन्ह्यावर नुसता गुणाकार-भागाकार करून कापड कमी आणू नका: स्कर्टचा तुकडा शेजारी मावत नसेल तर जास्त पन्ह्याचा उपयोग शून्य. बदललेले कागद जमिनीवर ४४ इंचांत मांडून बघा, मगच दुकानात जा. पहिल्या ड्रेसला कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन बरं. रेयॉन हातातून सरकतं. सुती कापड रात्रभर भिजवून वाळवा, मग बेता.

कापल्या कापल्या गळ्याला शिवणरेषेच्या किंचित कडेकडे एक शिवण मारून ठेवा, गळा ताणला जात नाही. चेन डाव्या बाजूच्या शिवणीतच राहू द्या. ती पाठीवर आणायची तर घडीवर बेतलेल्या भागाला मध्यशिवण द्यावी लागते. पत्रकात शिवणींच्या कडा नागमोडी कात्रीने कापायला सांगितलं असेल, पण आजच्या धुण्याला ते पुरत नाही, ओव्हरलॉक करा. घेरदार स्कर्ट शिवून झाल्यावर एक दिवस टांगून ठेवा. उरेबाकडचा (तिरक्या धाग्याचा) भाग लोंबून खाली येतो, म्हणून ड्रेस अंगात घालून, जमिनीपासून उंची मोजूनच खालची पट्टी दुमडा.