जुमलेदाराची पालखी आणि पंचवीस घोड्यांमागचा पखालजी

प्रश्न : शिवाजी महाराजांच्या घोडदळात अंमलदारांना काय मिळत असे? दिमतीला माणसं कोण असत?

उत्तर : शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा मुलं लढायांबद्दलच विचारायची. पगाराबद्दल तुम्ही विचारलंत, बरं वाटलं, कारण लष्कर पोसायचं कुणी हा त्या काळचा खरा प्रश्न होता.

कृष्णाजी अनंत सभासदानं लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या चरित्रात, म्हणजे सभासदाच्या बखरीत, हिशेब स्वच्छ आहे. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्याची तुकडी म्हणजे हवाला, आणि पाच हवाल्यांचा एक जुमला. जुमल्याच्या प्रमुखाला, जुमलेदाराला, ५०० होन (सोन्याची नाणी) तैनात, म्हणजे पगार, आणि पालखी. दहा जुमल्यांवरच्या हजारीला १,००० होन, पंचहजारीला २,०००. पायदळातला जुमलेदार मात्र १०० होनांवर. त्याच्यापाशी पागा, म्हणजे घोड्यांचं पथक, नव्हती, हे लक्षात घ्या.

आता दिमतीची माणसं. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीतून पाणी आणणारा, आणि एक नालबंद, म्हणजे नाल ठोकणारा. मला या नियमातली ही ओळ सगळ्यात मोलाची वाटते. ही माणसं अंमलदाराची खासगी चाकर नव्हती, पथकाची होती. घोड्याला पाणी वेळेवर मिळालं नाही, नाल निखळला, की बारगीर पायीच. आणि पागेतला घोडा सरकारचा, बारगिराचा नव्हे.

बायको, बटीक (दासी), कलावंतीण लष्करात न्यायला सक्त बंदी होती. मोडणाऱ्याला देहदंड. मोगल छावण्यांबरोबर जनाने आणि बाजार चालत, तेव्हाची ही गोष्ट. आठ महिने परमुलखात झपाट्यानं फिरणाऱ्या फौजेला तो पसारा परवडलाच नसता. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या मालमत्तेची यादी होई, परतल्यावर झडती. लुटीतला माल दडवून ठेवायला वावच नव्हता.

आता पैसा. पगारापोटी गावं तोडून देण्याऐवजी रोख नेमणूक, हा महाराजांचा आग्रह. गाव हाती आलं की अंमलदार तिथला धनी होऊन बसतो आणि कुणबी भरडला जातो, हे त्यांनी वतनदारांच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ हलवर्णला उतरलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेलं पत्र तुम्ही जरूर वाचा. दाणा आणि गवत आताच बेहिशेब उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, हा इशारा त्यात आहेच. चुलीच्या निखाऱ्यानं किंवा उंदरानं पळवलेल्या दिव्याच्या वातीनं गवताच्या गंज्या पेटतील, इतकी बारीक काळजीही आहे. पण भत्त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच. खजिन्यातून तुमच्या वाटण्या, म्हणजे नेमणुकीचा पैसा, तुमच्या पदरात घातल्या आहेत, तेव्हा दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला, जे लागेल ते बाजारात जाऊन रास्त भावानं विकत आणा. रयतेला काडीचाही त्रास देण्याची गरज नाही. नाहीतर घर धरून कसेबसे राहिलेले कुणबीही निघून जातील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट, असं लोक म्हणतील, हेही त्यांनी आपल्याच अंमलदारांना सुनावलं आहे.