तिसऱ्यांदा नीट? आधी तिची वही उघडून बघा

कल्याणहून एका बाबांचं पत्र आलंय. मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं, आता ती म्हणते व्हेटला जाते, राणीच्या बागेत पाणघोडे आहेत तसल्या प्राण्यांचं ब्रीडिंग करायचंय. बाबांचं म्हणणं, "ढोरांची डॉक्टर झाली तर लोकांना काय सांगू? तिला समजवा, तिसऱ्या अटेम्प्टला तयार करा."

साहेब, स्पष्टच बोलते. पत्रात मार्कांबद्दल एक ओळ आहे आणि नातेवाईक चार वेळा आलेत. कोचिंगवर किती पैसे गेले ते तुम्ही रोज जेवताना तिला ऐकवता असं तुम्हीच लिहिलंय, आणि वर विचारताय की ती हल्ली खोलीतून बाहेर का येत नाही! हे थांबवा आधी, कोर्सचं नंतर बघू.

तुमच्या पत्रात मला कामाची वाटली ती तुमची एक तक्रार: दर रविवारी झूत जाऊन ती वहीत लिहीत बसते, कोण कधी पाण्याबाहेर आलं, कोणी कोणाला हाकललं. अहो, याच कामाचा पगार मिळतो लोकांना.

आता मुली, तुझ्यासाठी. ब्रीडिंग म्हणजे पिल्लं वाढवणं, हा तुझा समज काढून टाक. चार-पाच पाणघोडे असलेल्या झूत खरा प्रश्न असतो की पिल्लू झालं तर ठेवायचं कुठे. मादी साधारण आठ महिन्यांत विते, प्राणी चाळीस वर्षं सहज जगतो, नर मोठा झाला की दुसऱ्या नराला तळ्यात टिकू देत नाही, आणि त्याच कळपात आपसात वीण चालू राहिली की इनब्रीडिंग आलंच. नसबंदी करावी तर नराचे वृषण शरीराच्या आत, ऑपरेशन चालू असताना सरकतात, शिवाय भूल दिलेलं जनावर पाण्यात शिरलं तर बुडतं. मग उरतं काय, नर-मादी वेगळे ठेवणं, कोणाचं पिल्लू कोण याची नोंद ठेवणं आणि सेंट्रल झू अथॉरिटीची, म्हणजे देशातल्या झूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी घेऊन दुसऱ्या झूशी अदलाबदल. ही पिल्लं आफ्रिकेत सोडायला कोणी नेत नाही, तेव्हा संख्या वाढवून साधायचं काय? आणि हा प्राणी गोडबिड नाही हां, डिसेंबर २०२३ मध्ये लखनऊच्या झूत साफसफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याचा त्याच्या हल्ल्यात जीव गेलाय.

रस्ते थोडक्यात: व्हेटची अ‍ॅडमिशन माफसूकडून (राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ) नीटच्याच मार्कांवर होते, परळ, शिरवळ, नागपूर वगैरे कॉलेजं आहेत. पण वहीवरून मला वाटतं तुला सुई-सलाइनपेक्षा निरीक्षण आवडतं, म्हणून मी आधी बीएस्सी झूलॉजी आणि मग वाइल्डलाइफमध्ये एमएस्सी बघेन, त्यातून झू बायोलॉजिस्टकडे जाता येतं. पोस्ट फार थोड्या निघतात, बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर, हे आत्ताच ऐकून ठेव. राज्याबाहेर जायची तयारी हवी, आणि एक्सेल व स्टॅटिस्टिक्स चांगलं हवं, कारण अर्धं काम तेच आहे.

बाबा, एक रविवार तिच्यासोबत जा आणि ती काय लिहिते ते वाचा. तिसऱ्या अटेम्प्टची क्लासची फी भरली असेल तर उद्याच परत मागा, बॅच सुरू झाली की परत मिळवणं अवघड जातं.