कोल्हापुरातून मालवणला जाऊन समुद्री गवत लावता येईल का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजची मुलं घेऊन मालवणच्या खाडीत समुद्री गवत लावायचं आहे, तर रोपं कुठून आणावीत. रोपं आणूच नका, असं माझं मत आहे. लागवड हे यातलं शेवटचं काम. आधी पाणी नितळ हवं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं, खोड, फूल, बी सगळं असतं आणि परागीभवनही पाण्यातच होतं. कोकणातल्या खाड्यांत, तिवरांच्या पुढ्यात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर हॅलोफिला बेकारी नावाची जात आढळते. वाकून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. सेंटिमीटरभर लांबीची टोकदार पानं झुपक्यानं आलेली असतात. चिखल बोटानं जरा सारला की खाली दोऱ्याएवढं पांढरं आडवं खोड लागतं. गाळ धरून ठेवतं ते हेच. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत ही जात धोक्यात आलेल्यांपैकी आहे. तिथं वीस पोरं बूट घालून उतरली, तर काय उरणार?

या गवताला जगायला ऊन हवं, आणि ते का मरतं हे कोल्हापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. पंचगंगेत सांडपाणी आणि खतांचा निचरा आला की केंदाळ माजतं आणि खाली उजेड पोचत नाही. समुद्रात हेच काम शेवाळ आणि गाळ करतात. (पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं, त्यामुळे मालवणच्या खाडीशी तिचा संबंध नाही.)

फ्लोरिडातल्या टॅम्पा उपसागरात सांडपाण्यातला नायट्रोजन कमी केला, तेव्हा गवत बहुतांशी आपलं आपण पसरलं. २०१५ च्या सुमारास ते १९५० च्या दशकाइतकं झालं होतं. पुढे पुन्हा घटलं, म्हणजे राखण सोडून चालत नाही. व्हर्जिनियात उलट होतं. तिथं १९३० च्या दशकात रोग आणि १९३३ चं वादळ यांनी गवत नाहीसं केलं. पाणी चांगलं होतं, पण बियाणंच उरलं नव्हतं. म्हणून तिथं २० वर्षांत ७ कोटींवर बिया टाकल्या आणि सुमारे ३,६०० हेक्टरवर कुरणं उभी राहिली. आपल्याकडे तमिळनाडूलगतच्या पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटींना काथ्यानं रोपं बांधून लावतात. तिथंच २०२२ मध्ये तमिळनाडूनं ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग (समुद्री गाय) संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. डुगाँग जगतो तो मुख्यतः याच गवतावर.

मुलांना न्यायचंच असेल तर चार-पाच जणांनाच न्या, तेही स्थानिक मच्छीमाराला सोबत घेऊन. ओहोटीला काठावरूनच बघा. गवत दिसलं तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आणि तिथं नांगर पडतो का, जाळं ओढतात का, गटार उतरतं का हे त्या मच्छीमारालाच विचारा. ही नोंद वन विभागाच्या कांदळवन कक्षाला पाठवा. उपटून मात्र काही आणू नका, हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठीसुद्धा.