स्वभावचाचणी आणि प्रकल्पाचे गट

प्रश्न : मी वडोदऱ्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी मुलांनी प्रकल्पाचे गट स्वतःच जमवले, तेव्हा हुशार मुले एकत्र आली आणि इतर काही गटांत सारे काम एकाच्याच गळ्यात पडले. यंदा ६० विद्यार्थ्यांकडून १६ प्रकारांची स्वभावचाचणी भरून घेऊन, निरनिराळ्या स्वभावांच्या चौघांचा एक याप्रमाणे १५ गट करावेत, असा विचार आहे. तो योग्य आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : गट आपण स्वतः करावेत, हे योग्यच, परंतु त्यासाठी या चाचणीचा आधार घेऊ नये. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या स्वभावप्रकारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ही पद्धत बेतली. तीत माणूस एक तर अंतर्मुख ठरतो, नाही तर बहिर्मुख. प्रत्यक्षात बहुतेक जण मधेच कुठे तरी असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदलतो. शिवाय एकदा शिक्का बसला की 'अंतर्मुख' मुलाच्या वाट्याला दर वेळी अहवाल येतो आणि सादरीकरणाला उभे राहण्याची सवय त्याला कधीच होत नाही.

त्यापेक्षा एक साधे पत्रक भरून घ्यावे : डेटाबेस कोणाला येतो, सेन्सर जोडून कोणी पाहिला आहे आणि, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबता येते. आणंद किंवा भरूचहून अप-डाउन करणारा मुलगा, रात्री दहानंतर कामाला बसणाऱ्या हॉस्टेलच्या तिघांत पडला, तर महिनाभरात तो 'कामचुकार' ठरतो. आपल्यापर्यंत ही तक्रार स्वभावाची म्हणून येते. तिचे मूळ मात्र गाडीच्या वेळेत असते.

काम एकाच्याच गळ्यात पडण्यावर चाचणीचा उपाय नाही. प्रत्येकाने आपला कोड आपल्याच नावाने गिटवर (कोडमधला कोणता बदल कोणी केला याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर) चढवावा, महिन्यातून एकदा गटातील सहकाऱ्यांना गुण द्यावेत आणि काही गुण प्रत्येकाचे वेगळे ठेवावेत. चौघे एकाच लॅपटॉपवर बसत असतील तर गिटवरील नोंद फसवी ठरते, म्हणून प्रत्येकाला त्याच्या भागाविषयी तोंडी दोन प्रश्न विचारावेत.

चाचणीची हौसच असेल, तर गट ठरल्यावर मुलांनी ती आपापसांत तासभर गप्पांसाठी खुशाल वापरावी. निकाल आपण मागू नयेत.