एवढासा बेडूक म्हणजे पिल्लू तर नाही ना?

प्रश्न: जंगलात नखाएवढ्या बेडकांच्या नवीन प्रजाती सापडल्याच्या बातम्या वाचते. पण तो एखाद्या मोठ्या बेडकाचं पिल्लू नाही हे कशावरून ठरवतात? आणि त्यासाठी बेडूक मारावाच लागतो का?

उत्तर: ताई, पिल्लू ओरडत नाही! बेडूक साद घालतोय म्हणजे तो वयात आलेला नर, आणि मादीच्या पोटात अंडी दिसली की प्रश्नच मिटला. म्हणून हा शोध बहुतेक वेळा कानांनीच सुरू होतो.

पापुआ न्यू गिनीत २००९ मध्ये ख्रिस ऑस्टिन आणि एरिक रिटमायर या संशोधकांना रात्री पालापाचोळ्यातून किड्यासारखा बारीक आवाज येत होता, दोघांनी दोन बाजूंनी कान लावून जागा हेरली, तरी काहीच दिसेना, शेवटी तिथला पाला ओंजळभर उचलून प्लास्टिकच्या पिशवीत भरला आणि एकेक पान बाजूला करत गेले तेव्हा कुठे एक इवलासा बेडूक टुणकन उडाला. सरासरी ७.७ मिलिमीटर लांबी! २०१२ मध्ये त्याचं पीडोफ्राइन अमाउएन्सिस असं नाव जाहीर झालं. म्हणजे सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत जवळपास अडीच वर्षं गेली.

सह्याद्रीतलंच बघा ना, सोनाली गर्ग आणि एस. डी. बिजू या संशोधकांच्या टीमने २०१७ मध्ये रातबेडकांच्या सात नवीन प्रजाती मांडल्या, त्यातल्या चार तर १२.२ ते १५.४ मिलिमीटरच्या, आणि गंमत म्हणजे त्यांच्या जागी ते चांगल्या संख्येने होते, फक्त आवाज किड्यासारखा त्यामुळे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

नुसत्या दिसण्यावर मात्र जाऊ नका. छोटे बेडूक एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून आवाजाचा आलेख, डीएनए, बोटांची टोकं, हाडं, सगळं जुन्या म्युझियममधल्या नमुन्यांशी ताडून बघतात. हे काम फार किचकट, मला तर त्यातच खरं कौतुक वाटतं.

आता मारण्याचं. हो, सहसा मोजके नमुने घ्यावे लागतात. त्यातला एक होलोटाइप, म्हणजे नाव कायमचं त्याच्याशी बांधलेलं, पुढे कुणाला शंका आली तर बरणीतला तोच बेडूक काढून तपासता येतो. वाईट मलाही वाटतं, पण नावच नसलेल्या बेडकाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत जागा मिळणं अवघड, आणि त्याचं जंगल मात्र तुटतच असतं, म्हणून मी त्या दोन-चार नमुन्यांच्या बाजूने आहे. फक्त आधी जिवंतपणीचे फोटो आणि आवाजाचं रेकॉर्डिंग झालेलं असायलाच हवं, कारण अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर रंग फिका पडत जातो आणि आवाज तर गेलेलाच असतो.