फोनिक्स वर्कबुक: पानं मोजणं आधी बंद करा

शाळा सुरू व्हायची वेळ जवळ आली की फोनिक्सबद्दल, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकण्याबद्दल, सगळ्यांचे जवळपास तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्रच उत्तरं देतेय.

मुलगा ३ वर्षांचा आहे. शेजारच्या मुलाचं वर्कबुक सुरू झालंय, आम्हीही करू का?

नाही. बडबडगीतं म्हणा, गोष्टी सांगा.

रोज किती पानं घ्यायची?

पानं नाही, मिनिटं बघा. १०-१५ मिनिटं पुरे, आणि मूल कंटाळायच्या आत तुम्हीच थांबा.

मुलगी ५ वर्षांची. दोन महिन्यांत दोन वर्कबुकं संपवली, सगळी अक्षरं ओळखते, पण साधं कॅट वाचता येत नाही. तिसरं आणू का?

आणू नका, प्लीज. दर आठवड्याला हेच ऐकते मी. ठिपके जोडून अक्षर गिरवणं आणि ॲपलच्या चित्रात लाल रंग भरणं म्हणजे वाचन नाही, त्याने पान भरतं एवढंच. तिला अक्षराचं नाव येतं, सी, ए, टी, पण ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून कॅट होत नाही, त्यासाठी आवाज यायला हवेत आणि ते जोडता यायला हवेत. आणि इथे आपण मराठी माणसं हमखास चुकतो, कारण आपल्याला क म्हणताना त्यात अ मिसळायची सवय आहे. घरात 'कऽ, ॲ, टऽ' असं शिकवलं तर पोर बिचारं 'कऽॲटऽ' असंच जोडणार ना? क्, ट्, प् तोडून, अगदी छोटे म्हणायचे. स्, म्, न् लांबवता येतात, म्हणून जोडायला त्यांच्यापासून सुरुवात सोपी जाते. बऱ्याच पद्धतींत पहिला गट स्, ॲ, ट्, इ, प्, न् हा असतो, तो एवढ्यासाठी की ६ आवाजांतच सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप असे कितीतरी शब्द तयार होतात.

आता वर्कबुक कपाटात ठेवा आणि आधी मराठीत करून बघा. 'त्... आ... ट्' असं तोडून म्हणा आणि विचारा मी काय म्हटलं. ताट म्हणाली तर कानाने जोडता येतंय. नाही म्हणाली तर महिनाभर हाच खेळ, पुस्तक नाही. मग कोऱ्या कागदावर टिन, पिन लिहा, शेजारी चित्र नको, चित्र बघून मुलं अंदाज मारतात आणि आपण खूश होतो. मदतीशिवाय वाचलं तरच पुढचा गट. एखाद्याला दोन आठवडे लागतात, एखाद्याला दोन महिने, दोन्ही ठीक. तिला न बघता याहून जास्त सांगणार नाही, दोनेक महिन्यांत फरक पडला नाही तर घेऊन या.

'३० दिवसांत फाडफाड रीडिंग', तीन लेव्हलचा सेट ऑफरमध्ये मिळतोय. घेऊ?

नका घेऊ. मूल न बघता ३० दिवसांची गॅरंटी कोण देतं? तिन्ही घरात आली की ती संपवायची घाई होते, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. एक पुस्तक पुरतं.

मराठी आणि इंग्रजी एकदम शिकवलं तर गोंधळ होतो म्हणे?

कोण म्हणे? घरचं मराठी बंद करायचं अजिबात नाही.

मुलगा साडेपाच वर्षांचा, बी आणि डी उलटे लिहितो. ग्रुपवर सगळे म्हणाले डिस्लेक्सिया.

डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातल्या अडचणीचं, निदान ग्रुपवर होत नाही. या वयात उलटं लिहिणं खूप मुलांमध्ये दिसतं, साधारण ७ पर्यंत चालतं. एका वेळी एकच अक्षर घ्या, बी पक्कं झाल्यावर डी. पक्कं निदान साधारण तिसरीच्या, म्हणजे ८ वर्षांच्या आसपास करतात, पण घरात कुणाला वाचनाचा त्रास होता किंवा मूल बोलायलाच उशिरा लागलं असेल तर तोपर्यंत थांबू नका, आत्ताच दाखवा.

मुलगा साडेसहा वर्षांचा, वर्षभर पहिल्याच गटात अडकलाय. सारखी सर्दी असते, टीव्ही मोठा करतो. बाई म्हणतात, येईल हळूहळू.

वर्षभर?! हे वर्कबुकच्या स्पीडचं काम नाही, आधी कान तपासा. सारख्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं, मग कधी नीट ऐकू येतं कधी नाही, स् आणि फ् सारखे बारीक आवाज निसटतात, आणि जो आवाज नीट ऐकूच येत नाही तो अक्षराशी जोडणार कसा? याच आठवड्यात ईएनटी डॉक्टरांना दाखवा, ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ती तपासणी) आणि टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ती तपासणी) करायची का ते त्यांना विचारा, डोळेही तपासून घ्या. रिपोर्ट आला की मग वर्कबुकचं बोलू.